घरच्या बागेत शिक्रा: शिकार बघायची कशी?

आमराई (धागाकर्ता)

बागेत एकदम कल्लोळ उठतो. आपण खिडकीशी पोचेपर्यंत चार पिसं तरंगत खाली येत असतात आणि शिक्रा, हा छोटा शिकारी पक्षी, भिंतीपलीकडे पसार झालेला असतो. 'आमच्याकडे येतो पण शिकार कधी दिसत नाही' हा प्रश्न इतर धाग्यांवर वारंवार येतो, म्हणून सगळं एकत्र लिहितोय. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर अशा देशावरच्या बंगल्याच्या नाहीतर सोसायटीच्या बागा डोळ्यांसमोर आहेत. कोकण-गोव्याकडचं तिकडच्यांनी लिहावं.

शिक्रा घारीसारखा आभाळातून टेहळणी करून शिकार करत नाही. उन्हं तापली की घिरट्या घालताना दिसतो खरा, पण तेव्हा तो सहसा शिकारीवर नसतो. त्याची शिकार बैठकीवरून चालते. आखूड गोलसर पंख आणि लांब शेपूट ही फांद्यांमधून वाट काढायला बनवलेली रचना आहे. लांबचा पाठलाग त्याला परवडत नाही. गुपचूप बसायचं, सावज जवळ आलं की छोटी झेप घ्यायची. सावजाला आधी चाहूल लागली तर बहुतेक वेळा तो नाद सोडतो. म्हणून आभाळाकडे बघत बसण्यात अर्थ नाही, बैठक शोधायला हवी.

बैठक साधारण दहा ते वीस फुटांवर असते, झाडाच्या खालच्या अर्ध्या भागात. आडवी फांदी, खोडाच्या बाजूला, वर पानांचं छत आणि समोर मोकळी वाट. आंबा, चिकू, कडुलिंब, बकुळ चालतात. शेवगा फार विरळ, त्यावर तो टेकतो आणि निघतो. खुणा खाली बघा: पानांवर आणि फरशीवर चुन्याच्या पिचकारीसारखी पांढरी विष्ठा, एकाच जागी पडलेली बारीक पिसं, कधी सरड्याच्या शेपटीचा तुकडा. पिसं उपटायची फांदी आणि टेहळणीची फांदी बऱ्याचदा वेगळ्या असतात. खाण्याची फांदी जास्त आडोशाला असते.

वेळ: उजाडल्यानंतर अर्ध्या तासापासून नऊपर्यंत, आणि दुपारी चारनंतर. पावसाची मोठी सर थांबून ऊन पडलं की लगेच बघा. सरडे शेकायला बाहेर येतात, पक्षी पंख वाळवत उघड्यावर बसतात, आणि शिक्र्याला हे चांगलं ठाऊक असतं.

आता बसायचं कुठे? बाहेर खुर्ची टाकून नको. घरात, खिडकीपासून दोन पावलं मागे, खोलीतला दिवा बंद. काचेला चिकटून उभं राहिलात तर त्याला तुमचा चेहरा स्पष्ट दिसतो. गडद पडद्याला डोळ्यांच्या उंचीवर वीतभर फट ठेवली तर उत्तम. दुर्बीण ८×४२ (आठ पटीची, पुढचं भिंग ४२ मिमी). बागेपुरती ८×३२ सुद्धा पुरते आणि हलकी असते. १० पटीची घेऊ नका. हात हलतो तसं चित्र हलतं, आणि दृश्याचा घेर लहान असल्यामुळे झेप घेतलेला पक्षी हरवतो.

सुगरण७

छान धागा. एक शंका. नर-मादी कशी ओळखायची? आणि पावशा (कोकिळेच्या कुळातला, शिक्र्यासारखा दिसणारा पक्षी) बसला असेल तर दर वेळी फसगत होते.

खडकवाट

नराची पाठ फिकट राखाडी-निळी, डोळा लालबुंद. मादी आकाराने मोठी, पाठ जास्त तपकिरी झाकेची, डोळा पिवळा ते नारिंगी. दोघांच्या छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा. पिल्लाची पाठ तपकिरी, छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे ओघळ आणि ठिपके, डोळा फिकट पिवळा. हनुवटीखालून गळ्यावर उतरणारी एक बारीक काळसर रेघ असते. ती जाड आणि ठळक असेल, छातीवरचे उभे ओघळ दाट असतील आणि तुमची बाग सह्याद्रीच्या जंगलाला लागून असेल, तर बेसरा (शिक्र्याचा जंगलातला भाऊबंद) असू शकतो. शहरातल्या बागेत आधी शिक्राच समजा.

पावशा ही निसर्गाने केलेली नक्कल आहे. उडतो तसा, शेपटीवरचे पट्टे तसे, फांदीवर उतरायची ढबही तशी. लहान पक्षीसुद्धा फसतात, तुमचं काय घेऊन बसलात! फरक चोचीत आणि पायात. पावशाची चोच कबुतरासारखी, जवळजवळ सरळ. शिक्र्याची मुळापासून आकड्यासारखी वळलेली. पावशाचे पाय आखूड आणि दुबळे, तो फांदीवर जरा आडवा, पंख खाली सोडून बसतो. शिक्रा ताठ बसतो आणि त्याच्या पिवळ्या लांब तंगड्या दिसतात. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं, तेवढ्यावर मात्र विसंबू नका.

टिकाव_फावडं

आवाजावर लिहा कुणीतरी. डोळ्यांनी शिक्रा शोधणारा माणूस उपाशी मरेल.

आमराई

बरोबर आहे, तेच लिहायला आलो होतो.

बागेतल्या पक्ष्यांचे धोक्याचे आवाज दोन जातीचे असतात आणि त्यांचा अर्थ अगदी वेगळा. पहिला: बारीक, उंच पट्टीतला, लांबवलेला 'सीऽऽ' असा सूर. हा उडत्या शिकाऱ्यासाठी. कुठून आला ते पटकन कळत नाही, कारण त्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही विरघळलेले असतात. ओरडणाऱ्याचा ठावठिकाणा लागू नये अशीच त्याची घडण आहे. हा सूर आला की बाग एका क्षणात गप्प होते. बुलबुल जागच्या जागी थिजतात, शिंपी पक्षी बोगनवेलीत घुसतो. ही शांतता म्हणजे झेप आत्ता चालू आहे किंवा नुकतीच झाली आहे.

दुसरा: खरखरीत, तुटक, परतपरत येणारा गोंगाट. हा बसलेल्या शिकाऱ्यासाठी. 'तू इथे बसलायस ते आम्हाला कळलंय' हे सांगणं हाच त्याचा उद्देश. सातभाई टोळीने ओरडतात, दयाळ घशातून 'चर्रऽ' करतो, खार खोडावर डोकं खाली करून शेपूट झटकत एकसुरी चिकचिक लावते. ही चिकचिक खारीनेच सुरू केली असेल तर तिचं तोंड कुठे आहे ते बघा आणि त्या रेषेत दुर्बीण लावा. खार शिकाऱ्याकडे तोंड करूनच ओरडते.

तेव्हा गोंगाट ऐकून धावत जाऊ नका. तो चालू आहे तोवर शिक्रा बसलेला आहे आणि त्याचं बिंग फुटलंय. तो लवकरच दुसऱ्या बैठकीवर जाईल. पुढची बैठक कोणती असू शकते याचा अंदाज बांधून तिकडे नजर ठेवा. शिकार तिथून होण्याची शक्यता जास्त.

खडकवाट

यात एक भर. मांजर किंवा धामण असली तरी गोंगाट दुसऱ्या जातीचाच होतो. सगळे पक्षी मान खाली घालून जमिनीकडे बघत असतील आणि ओरडा पुढेपुढे सरकत असेल तर ती मांजर. ओरडा एकाच जागी आणि पक्ष्यांची नजर त्यांच्याच उंचीवर असेल तर शिक्रा किंवा दिवसा उघड्यावर सापडलेला पिंगळा (छोटं घुबड).

आणि कोतवाल पक्षी! तो शिक्र्याची 'टी-टुई, टी-टुई' अशी हुबेहूब नक्कल करतो. हाक ऐकू आली, पण सातभाई निवांत पाचोळा उलटताहेत, तर कोतवाल आहे असं समजा आणि चहा प्यायला जा.

एफ५६

फोटोवाल्यांसाठी. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरे. झेपेला १/२००० च्या खाली जाऊ नका, पंखाची टोकं पुसट येतात. ॲपर्चर ५.६, आयएसओ ऑटोवर ठेवून कमाल ६४०० ची मर्यादा घाला. लेन्स ३०० ते ४०० मिमी. बागेत ६०० लांब पडते, पक्षी चौकटीबाहेर जातो.

मुख्य चूक फोकसची. पानांच्या गर्दीत कॅमेरा पुढचं पान पकडतो. एकच मधला बिंदू निवडा. बैठकीवर आधी फोकस करून ठेवा आणि फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. गडद पानांसमोर पांढुरकी छाती असेल तर एक्स्पोजर ०.७ ने खाली आणा, नाहीतर छातीवरच्या रेघा जळून जातात. आभाळासमोर पक्षी असेल तर उलट, १ ने वर.

तो उडणार हे आधी कळतं. फुगून एका पायावर बसलाय म्हणजे वेळ आहे. पिसं अंगाशी घट्ट बसवली, मान वरखाली किंवा डावीउजवीकडे हलवू लागला, म्हणजे अंतर जोखतोय. शरीर आडवं झालं आणि विष्ठा टाकली की बटण दाबायला लागा. हाच क्रम तुमच्याकडे बघून झाला असेल तर मात्र तुम्ही फार जवळ गेला आहात, मागे सरा.

मोबाइलवर शिक्र्याची हाक वाजवून बोलावणं बंद करा, विणीच्या दिवसांत तर मुळीच नको. तो दुसऱ्या शिक्र्याला हुसकवायला येतो, अंडी-पिल्लं सोडून. उंदीर बांधून फोटो काढणारेही आहेत. असे फोटो इथे टाकू नयेत ही विनंती.

दाणापाणी

थोडं वेगळं विचारते. आम्ही गच्चीवर बाजरी-कणी ठेवतो. चिमण्या, होले, मुनिया येतात. आता शिक्रा रोज येऊन बसतो. सगळे बघायला उत्सुक आहात, पण हे म्हणजे आम्हीच त्याला ताट वाढून दिल्यासारखं झालं. त्याला हाकलावं का? प्लास्टिकचं घुबड ठेवून उपयोग होतो का?

टिकाव_फावडं

प्लास्टिकच्या घुबडावर आठवड्याभरात साळुंकी बसेल.

आमराई

दाणापाणी ताई, हाकलू नका. पण तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि 'निसर्गाचा नियम' म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. एकाच जागी, एकाच वेळी, उघड्यावर दाणे ठेवले की पक्ष्यांचं वेळापत्रक ठरतं आणि शिक्रा ते शिकतो. यात आपला हात आहेच.

दाणे दोन आठवडे पूर्ण बंद करा. चिमण्या उपाशी राहत नाहीत, त्यांना आसपास दुसऱ्या जागा असतात. शिक्रा फिरती बदलतो. परत सुरू करताना ताट हलवा. दाट, काटेरी झुडपापासून दोन ते तीन मीटरवर ठेवा: बोगनवेल, करवंद, कोरांटी. याहून लांब असेल तर पक्षी आडोशाला पोचत नाहीत, याहून जवळ असेल तर मांजर त्याच झुडपात दबा धरते. म्हणून झुडपाचा खालचा फूटभर भाग छाटून मोकळा ठेवायचा. गच्चीवर झुडूप नसेल तर दोन मोठ्या कुंड्यांत बोगनवेल एकमेकींत गुंतवून वाढवा. दाणे एका ढिगात न ठेवता तीन-चार जागी थोडे थोडे पसरा आणि वेळ बदलती ठेवा. उष्टे दाणे रोज झाडून काढा. ते राहिले की उंदीर येतात, आणि उंदरांमागून जे येतं ते इथले सदस्य 'निशाचर' सांगतीलच.

पारव्यांसाठी शिक्रा उपयोगी पडेल अशी आशा काही जणांना असते. पडत नाही. पूर्ण वाढलेला पारवा त्याला जड जातो. ते काम बहिरी ससाण्याचं, आणि तो तुमच्या गच्चीच्या ताटाकडे ढुंकून बघत नाही.

शिक्र्याचा रोजचा शिधा बघितला तर त्यात सरडे, पाली, मोठे टोळ, उंदीर, खारीची पिल्लं भरपूर असतात. बागेत सरडे टिकले तर पक्ष्यांवरचा भार आपोआप कमी होतो. कीटकनाशकाची फवारणी थांबवा, एका कोपऱ्यात दगड आणि पाचोळा राहू द्या. शिकार बघायलाही सरडाच बरा. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यात नर सरड्याचं डोकं आणि गळा लाल होतो. तो कुंपणाच्या भिंतीवर उघड्यावर बसून उठाबशा काढतो, आणि शिक्र्याची झेप आपल्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोकळ्या जागेत दिसते. चिमणीच्या शिकारीत सगळं पानाआड होतं.

खडकवाट

शिकार झाल्यावर काय बघायचं तेही लिहितो, कारण बरेच जण तिथेच दुर्बीण खाली ठेवतात.

शिक्रा पायाने मारतो. नख्या रुतवून पंजा आवळत राहतो. ससाण्याच्या चोचीला कडेला दातासारखं टोक असतं, त्याने तो मानेचा मणका तोडतो. शिक्र्याकडे ती सोय नाही, म्हणून सावज काही वेळ जिवंत असतं. बघायला कठीण आहे, पण मध्ये पडू नका. सोडवलेला पक्षी आतल्या जखमांनी सहसा वाचत नाही आणि शिक्र्याला पुन्हा पहिल्यापासून शिकार करावी लागते.

जमिनीवर असेल तर तो पंख पसरून सावज झाकतो. मग उचलून खाण्याच्या फांदीवर नेतो. पक्षी असेल तर आधी पिसं उपटतो. खाऊन झाल्यावर गळ्याखाली फुगवटा दिसतो. चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी पुसतो, आणि मग बराच वेळ हलत नाही. निवांत चित्र काढायचं, टिपणं घ्यायची ती या वेळात.

शिकार बघायला मिळाली नाही तरी पिसांवरून कोणी मारलं ते कळतं. पिसं मुळासकट पूर्ण निघालेली, दांडीवर फार तर चोचीची एखादी खूण, आणि एका जागी गोल पसरलेली: शिकारी पक्षी. दांडी मधूनच कुरतडलेली, पिसांचे झुपके लाळेने चिकटलेले: मांजर किंवा मुंगूस. घरट्यातलं पिल्लू गायब आणि पिसंच नाहीत: कावळा, टकाचोर, भारद्वाज किंवा साप. बिचाऱ्या शिक्र्याच्या नावावर यातलं बरंच खपवलं जातं.

पोफळबाग

कोकणातून. आमच्या परड्यात शिक्रा आहेच, पण खरी गंमत सर्पगरुडाची. पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी फिरतं तिथे बेडूक, विरोळे, खेकडे असतात. सर्पगरुड पाटाच्या कडेच्या मध्यम उंचीच्या फांदीवर तासन् तास बसतो. पिवळा चेहरा, मागे काळा-पांढरा तुरा, उडताना पंखाखाली रुंद पांढरा पट्टा. त्याची लांबलचक शीळ दुपारी आभाळातून येते, शिकार मात्र गप्प बसून. पाणी सोडल्यावर पहिला तास बघा. वाळलेल्या पाचोळ्यात पाणी शिरलं की सगळं वर येतं.

ब्राह्मणी घार, म्हणजे तांबूस अंग आणि पांढरं डोकं, माडावर बसते. ती मासळीच्या टाकाऊवर आणि खेकड्यांवर जास्त. कोंबडीची पिल्लं उचलते हेही खरं.

पिल्लांसाठी चकचकीत फिती, जुन्या सीडी असलं काही बांधू नका, चार दिवसांत सवय होते. पहिले सहा आठवडे पिल्लं वरून बंद असलेल्या खुराड्यात ठेवा, जाळी एक इंची. चरायला सोडायची तर केळीच्या बनाखाली नाहीतर वेलाच्या मांडवाखाली, उघड्या खळ्यात नको. पातळ नायलॉनची मासेमारीची जाळी वरून ताणू नका. तीत घुबडं आणि वटवाघळं अडकून मरतात. तारेची जाळी ताठ ठोकलेली असेल तर कुणी अडकत नाही.

निशाचर

रात्रपाळीचं माझ्याकडे.

पिंगळा बघायला सगळ्यात सोपा. बागेत दिवा लावला की त्याभोवती किडे, खाली पाली आणि बेडूक. पिंगळा जवळच्या खांबावर किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर बसून मान गोल फिरवतो आणि खाली झेपावतो. रात्रभर दिवा ठेवू नका. संध्याकाळचा एक तास पिवळ्या रंगाचा, कमी वॅटचा, खाली तोंड केलेला दिवा पुरे. टॉर्च डोळ्यांवर मारली तर त्याला काही वेळ दिसत नाही आणि तो तारेवर आपटू शकतो.

गव्हाणी घुबड दिसेल न दिसेल, पण गोळ्या सापडतात. न पचलेली हाडं आणि केस यांची काळपट, बोटाच्या जाडीची, तीन ते सात सेंटिमीटरची गोळी. ताजी असेल तर चकाकते. हातमोजे आणि मास्क घालून कोमट पाण्यात तासभर भिजवा, चिमट्याने सोडवा, कवट्या वेगळ्या करा. पुढचे दात पिवळे-नारिंगी आणि त्यांच्यामागे दाढांपर्यंत मोकळी फट असेल तर उंदीर-घूस. कवटी लांब, निमुळती आणि पांढरे टोकदार दात सलग असतील तर चिचुंद्री. घुबडाच्या कुटुंबाने वर्षभर कोणते उंदीर खाल्ले याचा हिशेब असा मिळतो.

आता विष. बाजारात मिळणाऱ्या वड्यांत बहुतेक ब्रोमाडिओलोन असतं, ०.००५ टक्के. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस लागतात. रक्त गोठणं थांबतं, तो सुस्त होतो, दिवसाढवळ्या उघड्यावर फिरतो. म्हणजे नेमका तोच उंदीर घुबड आणि शिक्रा पकडतात आणि विष यकृतात साठत जातं. त्याऐवजी भोकं बुजवा. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून घरातला लहान उंदीर जातो, त्यामुळे सहा मिलिमीटरपेक्षा मोठं काही उघडं नको. खताच्या खड्ड्याला झाकण, खाली तारेची जाळी. पिंजरा नाहीतर खटक्याचा सापळा, तोही पेटीच्या आत, म्हणजे पक्षी त्यावर बसत नाही.

चिकट पुठ्ठे तर नकोच. त्यावर अडकलेल्या पालीसाठी पिंगळा उतरतो आणि स्वतः चिकटतो. असं झालं तर ओढू नका, रॉकेल-पेट्रोल लावू नका. उरलेल्या उघड्या डिंकावर पीठ किंवा टाल्कम भुरभुरून तो निकामी करा, म्हणजे आणखी पिसं चिकटणार नाहीत. आणि पुठ्ठ्यासकट पक्षी उपचाराला न्या.

सुगरण७

शिक्रा पाठलागात काचेवर आपटतो त्याचं काय करायचं? समोर बाग, मागे मोठी सरकती काच.

निशाचर

काचेच्या बाहेरच्या बाजूने खुणा हव्यात. आतून लावल्या तर प्रतिबिंब तसंच राहतं. ठिपके किंवा उभ्या पट्ट्या, दोन खुणांमध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. ससाण्याचं एक स्टिकर मधोमध लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जातो. दाण्याचं ताट काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा, म्हणजे उडताना वेगच धरला जात नाही, नाहीतर नऊ-दहा मीटर लांब.

आपटलेला शिक्रा उचलताना चोचीला घाबरू नका, नख्यांना घाबरा. अंगावर जाड टॉवेल टाकायचा, टॉवेलमधूनच पंख अंगाशी दाबून धरायचे, दोन्ही पाय ताब्यात घ्यायचे आणि मग उचलायचं. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला टॉवेल, अंधार, शांतता. तारेचा पिंजरा नको, पिसं मोडतात. पाणी पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. दूध, पाव, भात तर अजिबात नाही. दोन तासांनी बाहेर नेऊन खोका उघडा. नीट उडाला तर ठीक. पंख लोंबत असेल, एक डोळा मिटलेला असेल, मान वाकडी असेल तर वन विभागाला कळवा, राज्यात १९२६ हा मदत क्रमांक आहे. घरी ठेवून बरा करू म्हणणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा ठरतो, हेतू कितीही चांगला असो.

संक्रांतीच्या दिवसांत झाडांवरचा मांजाही उतरवत जा. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, झाडांवर तो तरीही सापडतो. लांब काठीला विळा बांधून, गुंडाळी करून, कापून कचऱ्यात टाका. नुसता तोडून खाली सोडलेला तुकडा दुसऱ्या पक्ष्याच्या पायात जातो.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून वाचतोय. इकडे घरामागच्या अंगणात हीच भूमिका कूपर्स हॉकची. शिक्र्याचाच नातलग, आकाराने बराच मोठा, त्यामुळे होल्याएवढे पक्षी सहज उचलतो. आमराईंनी लिहिलेला दाणे दोन आठवडे बंद करण्याचा उपाय इथेही लागू पडतो. फरक हिवाळ्याचा. पानगळ झाल्यावर आडोसा उरत नाही, म्हणून ताटाजवळ सदाहरित झुडूप लागतं. बैठक शोधायला मात्र तोच काळ सोपा.

टिकाव_फावडं

विणीचं राहिलं. मार्च ते जून. घरटं कावळ्यासारखंच काटक्यांचं, उंच झाडाच्या बेचक्यात, अंडी तीन-चार. त्या काळात छाटणी करू नका. सोसायटीच्या समितीला पावसाळ्याआधीची छाटणी नेमकी मे महिन्यात सुचते. घरटं दिसलं तर तेवढं झाड वगळायला लेखी सांगा. कायद्याचा हवाला दिला की ऐकतात.

आमराई

आणि शिकार बघायला हाच काळ सगळ्यात चांगला. मादी घरट्यावर असताना नर शिकार आणून जवळच्या ठरलेल्या फांदीवर हाक मारतो, मादी येऊन घेऊन जाते. ती फांदी एकदा सापडली की रोज दिसतं. घरट्याकडे दुर्बीण लावून बसण्यापेक्षा या फांदीकडे लावा. पक्षी बिथरत नाहीत. घरट्याखाली उभं राहिलात तर कावळ्यांनाही पत्ता कळतो.

पिल्लं घरट्याबाहेर पडली की पावसाळ्याच्या सुरुवातीला शिकाऊ शिकारी बघायला मिळतात. चतुर, टोळ, वाऱ्याने हललेलं पान, सगळ्यावर झेप. बहुतेक फसतात, पण लपाछपी त्यांना अजून जमत नसल्यामुळे सगळं उघड्यावर चालतं.

दाणापाणी

दाणे आजपासून बंद केले. पाण्याचं भांडं ठेवलं तर चालेल ना?

आमराई

पाणी जरूर ठेवा. पसरट मातीचं भांडं, खोली दोन ते पाच सेंटिमीटर, मध्ये एक खडबडीत दगड. झुडपापासून तेच दोन-तीन मीटर. रोज घासून पाणी बदलायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. उन्हाळ्यात दुपारी शिक्रा स्वतः त्यात अंघोळीला उतरतो. तेव्हा बाकीचे पक्षी लांब राहतात, तेवढी अर्धा-पाऊण तासाची खोटी धरून चाला.